तीताच्या पत्रातलं ‘कारण’

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, वडीलधाऱ्यांच्या प्रार्थनासभेत तीन गुरुवार वचन सांगायची पाळी तुमच्यावर आलीय आणि विषय ‘कृपेने तारण व सुभक्तीचं जीवन’ असा दिलाय, हे कळलं. आई, तू मधेच फोन घेऊन विचारलंस तेही डोक्यात आहे. गुडघ्यांमुळे उपासनेला जाणं होत नाही, महिला मंडळ सुटलं, दशांश, उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला द्यायचा तो, पूर्वीसारखा निघत नाही, मग देवापुढे माझं काही कमी तर पडणार नाही ना? दोन्हींची उत्तरं एकाच जागी सापडतात, म्हणून पत्रही एकच.

बाबा, इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात नको. तिथली 8 ते 10 ही वचनं, तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, ही, सगळ्यांना पाठ आहेत, आणि पाठ असलेलं कानावरून निघून जातं. नव्या करारातलं तीताचं पत्र घ्या, पौलाने तीताला लिहिलेलं. अध्याय तीन, वचनं 46. सावकाश वाचलं तरी दहा-बारा मिनिटांत होतं. पहिल्या गुरुवारी ते अख्खं वाचूनच घ्या, मग दुसऱ्या अध्यायावर या. तिथे म्हाताऱ्या पुरुषांनी कसं वागावं, म्हाताऱ्या बायकांनी, तरुणांनी, दासांनी कसं वागावं, असं 10व्या वचनापर्यंत चालतं. बहुतेक प्रवचनं तिथेच संपतात, आणि लोक घरी जाताना एक यादी घेऊन जातात: हे करा, ते करू नका. यादी चुकीची नाही. पण 11वं वचन ‘कारण’ या शब्दाने सुरू होतं आणि सगळी मेख त्या ‘कारण’मध्ये आहे. असं वागा, कारण तारण देणारी देवाची कृपा प्रकट झाली आहे. कृपा प्रकट व्हावी म्हणून असं वागा, असं पौल म्हणत नाही. जुन्या करारातही क्रम हाच. मिसरातून सुटका आधी, दहा आज्ञा नंतर. निर्गमच्या 20व्या अध्यायात पहिली आज्ञा यायच्या आधी देव ‘मी तुला बाहेर काढलं’ याची आठवण करून देतो.

पुढे 12व्या वचनात ही कृपा ‘शिकवते’ असं आहे. ग्रीक शब्द लहान मुलाला वळण लावण्याचा आहे, नुसती माहिती देण्याचा नाही. इब्री 12:6 मध्ये प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, तिथे हेच क्रियापद आहे. येशूला फटके मारून सोडतो असं रोमी सुभेदार पिलात म्हणतो, तिथेही हेच. म्हणजे कृपा म्हणजे सगळं चालतं असं डोळे मिटून बसणं नव्हे. ती घरात घेते आणि मग कान धरते. वळण तीन बाजूंनी: मर्यादेने, नीतीने, सुभक्तीने. पहिलं स्वतःशी, दुसरं शेजाऱ्याशी, तिसरं देवाशी. सभेत ही तीन नावं फळ्यावर लिहिलीत तरी अर्धा तास सहज जाईल.

आणखी एक शब्द दाखवा, लोक दचकतील. तीताच्या याच दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात वृद्ध बायकांनी चहाडखोर असू नये असं आहे. मूळ शब्द ‘दियाबोलस’, म्हणजे जो इतर ठिकाणी सैतानासाठी येतो तोच. दारूबद्दल आपण तावातावाने बोलतो. ती त्याच वचनात चहाडीनंतर येते. तेवढं सांगून पुढे जा, कोणाकडे बघू नका.

दुसऱ्या गुरुवारी मत्तय 18 मधला कर्जदार चाकर घ्या, आणि आकडे उघडून सांगा. आकडे सांगितले नाहीत तर दाखल्याची धार जाते. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. त्याचं देणं 10,000 तलांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. ‘मला वागवून घ्या, सगळं फेडतो’ असं तो म्हणतो, तेव्हा येशूच्या ऐकणाऱ्यांना हसू आलं असेल असं मला वाटतं. धनी मुदत वाढवून देत नाही, देणंच सोडतो. त्या चाकराचं सोबत्याकडे येणं मात्र 100 दिनार. तेही थोडं नाही, तीन-चार महिन्यांची मजुरी. हे सांगायला विसरू नका, नाहीतर आपल्याला दुखावणाऱ्यांनी केलं ते काहीच नाही असा अर्थ निघतो आणि खरोखर सोसलेली माणसं मनातून उठून जातात. दुखापत खरी आहे. फक्त सोडलेलं देणं तिच्या 6 लाख पट आहे. तो सोबत्याचा गळा धरतो याचा अर्थ सोडलेल्या देण्याचा आकडा त्याच्या मनात उतरलाच नाही. भावकीतले दहा-वीस वर्षांचे अबोले याच जागी अडकलेले असतात.

तिसरा गुरुवार जक्कयाचा, लूक 19मधल्या श्रीमंत जकातदाराचा. झाडावरून उतर, मला आज तुझ्या घरी राहायचंय, हे येशू आधी म्हणतो, तेव्हा जक्कयाने एक दिडकीही परत केलेली नाही. नंतर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करायला निघतो. नियमशास्त्रात, गणना 5:7 मध्ये, चूक कबूल करून पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा एवढंच आहे: 100ला 120. तो 400 देतोय. हिशेब करून कृपा विकत घेणारा माणूस 120वरच थांबला असता. कोणी म्हणेल, ‘आज या घराला तारण झालं’ हे वाक्य तर पैसे जाहीर केल्यानंतर येतं. खरं आहे, पण येशू त्याचं कारण पैसे सांगत नाही. हाही अब्राहामाचा पुत्र, आणि मनुष्याचा पुत्र हरवलेलं शोधायला आलाय, हे सांगतो.

याच ठिकाणी पश्चात्तापाचं काम हाताने करण्यासारखं सांगा. ‘आमची सर्व पापं क्षमा कर’ एवढ्यावर प्रार्थना संपवली की काहीच बोचत नाही. पाप नाव घेऊन सांगायचं, उघड केलं असेल तर उघड कबूल करायचं, आणि भरून देता येण्यासारखं असेल तर रक्कम आणि दिवस ठरवायचा.

याकोब 2:24 कोणीतरी काढणारच: माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो. घाबरू नका. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात उत्पत्ती 15वर उभा आहे: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं, तेव्हा सुंताही झालेली नव्हती, ती किमान तेरा वर्षांनी, त्याच्या 99व्या वर्षी झाली. याकोब उत्पत्ती 22चा दाखला देतो, इसहाकाला वेदीवर ठेवलं तो. एक मूळ दाखवतो, दुसरा त्याच झाडाचं फळ. जर्मन धर्मसुधारक लूथरने 1522मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं, ते घाईचं होतं. वसईचे कॅथलिक शेजारी सभेत असले तर सांगा की लूथरन मंडळ्या आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी 31 ऑक्टोबर 1999ला आउग्सबुर्गमध्ये याच विषयावर एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळे मतभेद संपले नाहीत, पण तारण कृपेने आणि ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या कमाईने नव्हे, एवढं दोघांनी मिळून म्हटलं.

‘आम्ही तर जन्माचे ख्रिस्ती’ म्हणणाऱ्यांसाठी पंडिता रमाबाईंचं नाव पुरे. 1883मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी सापडला, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं.

आता आई, तुझ्यासाठी. तुला फिलिप्पै 2:12 टोचतं, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, हे मला माहीत आहे. तू 12वर थांबतेस. 13वं लगेच पुढे आहे: इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी घडवणारा देव आहे. दशांशाचं म्हणशील तर 2 करिंथ 8:12 बघ. देणं मान्य होतं ते जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नव्हे. निवृत्तिवेतन औषधांत जातं, तर उरलं त्यातलं दे. मंडळीची वर्गणीची पावती ही देवाघरची वही नव्हे.

आणि लूक 23मधला, येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर बघ. ना बाप्तिस्मा, ना उपासना, ना दान. हात-पाय खिळलेले. मोकळी होती फक्त जीभ, आणि तिने तासाभरात त्याने काय केलं? दुसऱ्या चोराला थांबवलं, आपली शिक्षा योग्य आहे म्हणाला, येशू निर्दोष आहे म्हणाला, आणि माझी आठवण कर म्हणाला. येशूने त्याला ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हटलं ते या कामाची मजुरी म्हणून नाही. पण विश्वास आला तसा जिथे हलता येत होतं तिथे तो हलला. तीताच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध बायकांकडे मागितलेलंही बरंचसं जिभेचंच आहे: चहाडी नको, चांगलं शिकवा. नातवंडांना रोज रात्री फोनवर एक स्तोत्र म्हणून दाखवतेस, ते याच वचनात बसतं. तेवढं चालू ठेव. प्रभुभोजन घरी आणून द्यायला पाळकसाहेबांना सांगायला संकोचू नकोस. आजाऱ्यांसाठी ते येतातच, त्यांना फक्त आधी कळायला हवं.

बाबा, प्रत्येक गुरुवारी चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा, आणि साक्षी सुरू झाल्या तर ‘मी असा होतो, मी असं केलं’ यात ‘मी’ किती येतो ते मोजून हळूच थांबवा. मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र आईच्या उशाशी आहे, ते त्या दिवशी घेऊन जा. तुमच्या खिशातल्या नव्या करारात तळटिपा दिसत नाहीत.

तुमची,
धाकटी