एक हात खिशात ठेवायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'काका' लिहितोय. "नाव छापलंस तर उद्या सगळ्या पेठा आपापले बंद पडलेले रेडिओ घेऊन जिन्यात बसतील," हे तुमचं कारण, आणि ते खोटं नाही. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता, नाहीतर "मीटरचा सेल बदललास का?" असं विचारता. म्हणून हे चारचौघांत लिहिलेलं पत्र. आता बदला विषय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. माझा मावसभाऊ टोकियोत असतो. त्याने सुट्टीवर येताना स्टॅक्सचा एक जुना हेडफोन आणि तो चालवणारा एसआरएम-टी१ नावाचा व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर आणला. दोन्ही वापरलेले, पेटीवर ओरखडे, जपानी १०० व्होल्टवर चालणारं मॉडेल. स्टॅक्स ही १९३८ सालची जपानी कंपनी. १९६० मध्ये तिने एसआर-१ बाजारात आणला, तो जगातला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. नेहमीच्या हेडफोनात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, यात दोन्ही नाहीत. भोकंभोकं असलेले दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक-दोन मायक्रॉन जाडीचा पडदा, बस. पडद्यावर ५८० व्होल्टचा भार कायम बसवलेला असतो, आणि पत्र्यांना गाण्याबरहुकूम वरखाली होणारा व्होल्टेज मिळतो. पडदा आणि पत्रा यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर. मी हे सगळं तावातावाने समजावत होतो, आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे दोन चाळण्यांमध्ये कांद्याचा पापुद्रा." पुढे वर्षभर मी लोकांना हेच वाक्य ऐकवून भाव खाल्ला, हे आज कबूल करतो.

तुमच्यापर्यंत मी पोहोचलो तो पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानदारामुळे. उजव्या कानातला आवाज बसका झाला होता, आणि गाणारा तार सप्तकात गेला की चिरकायचा. मी दुकानात हजार व्होल्टचे डायोड आणि कंडेन्सर मागत होतो. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हे देतो, पण आधी एक्स-रेवाल्या काकांना भेटून या. परत आलात तर देतो." तुम्ही आयुष्यभर दवाखान्यांतली एक्स-रे मशिनं दुरुस्त केलीत, हे मला तुमच्या दारात कळलं. ५८० व्होल्ट ऐकून तुम्ही हसलात. "आमच्याकडे ऐंशी हजार म्हणजे रोजचं." मग हसू थांबवून म्हणालात, "पण मरायला तुझे पुरतात. टेबलावर बसताना डावा हात खिशात."

तो हात अजून खिशातच असतो. एका हातातून शिरलेला झटका दुसऱ्या हाताने बाहेर पडताना वाटेत काळीज लागतं, हे तुम्ही एकदाच सांगितलंत. पुन्हा कधी सांगितलं नाहीत, फक्त माझ्या खिशाकडे बघायचात.

डायोड आणि कंडेन्सर मला का हवे होते, तो किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, माझं हसं झालं तरी. मी हेडफोनच्या सॉकेटवर बायस, म्हणजे पडद्यावरचा तो कायमचा भार, मोजला होता. ५८० हवे, मीटर ३९५ दाखवत होता. मला वाटलं, सापडला चोर! बायसची सप्लायच बसली. सगळा भाग नवा बांधायचा बेत ठरला, यादी तयार झाली. तुम्ही यादी वाचलीत, घडी करून परत दिलीत आणि विचारलंत, "सॉकेटच्या आधी किती रेझिस्टन्स आहे?" ४.७ मेगओहम. "आणि तुझ्या मीटरचा?" १० मेगओहम, बहुतेक डिजिटल मीटरचा असतो तसा. "मग भाग की." मी कागदावर मांडलं. ५८० गुणिले १०, भागिले १४.७. उत्तर आलं ३९४ आणि वर काही. मीटर एका व्होल्टचंही खोटं बोलत नव्हता. मोजायला गेलेला मीटर स्वतःच मोठा वाटा पिऊन टाकत होता. त्या रेझिस्टन्सच्या अलीकडे मोजलं तेव्हा काटेकोर नसले तरी ५८० च्या जवळ आले. बायस ठणठणीत होता. नवा भाग बांधला असता तर नवाही ३९५ च दाखवता, आणि मी तोही फेकून तिसरा बांधला असता.

खरा दोष तुम्ही दहा मिनिटांत काढलात, तोसुद्धा हत्यार न उचलता. दोन्ही बाजूंच्या इनपुट वायरी अदलाबदल केल्या, दोष उजवीकडेच. म्हणजे गाणं पाठवणारं यंत्र निर्दोष. मग बंद करून, गार होऊ देऊन, दोन्ही व्हॉल्व्ह अदलाबदल केले. टी१ मध्ये ६एफक्यू७ चे दोन व्हॉल्व्ह असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. या खेपेला चिरकणं डावीकडे गेलं. व्हॉल्व्ह थकला होता, एवढंच. इतक्या वर्षांत कोण थकत नाही? मी नवी ६सीजी७ ची जोडी मागवली, तो त्याचाच सख्खा भाऊ. तुम्ही मात्र जुना चांगला व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून, तुमच्या त्या बिस्किटांच्या डब्यात, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ईसीसी८३ व्हॉल्व्हशेजारी ठेवून दिलात.

इथे मला थांबता आलं असतं. पण मला सुधारणा करायची होती. या अ‍ॅम्प्लिफायरवर जगभर हौशी लोक एक बदल करतात. व्हॉल्व्हच्या प्लेटला, म्हणजे आवाज बाहेर निघतो त्या टोकाला, वरून जो साधा रेझिस्टन्स असतो, तो काढून त्या जागी स्थिर प्रवाह देणारी जोडणी बसवतात. माझ्याकडे त्याचे भागही येऊन पडले होते. तुम्ही म्हणालात, "एक महिना ऐक. बिघाड असताना ऐकलंस, सुधारल्यावर ऐकशील, पण मधलं ऐकलंच नाहीस तर कशाशी ताडून पाहणार?" मला राग आला होता, काका. खरंच आला होता. पण महिनाभर ऐकलं, आणि तुम्ही दिलेल्या दोनशे पानी वहीत लिहिलं. रोज रात्री नऊ वाजता, अर्धा तास तापू दिल्यावर, दोन्ही बाजूंचे व्होल्ट. जिथे मी 'अंदाजे' लिहिलं होतं तिथे तुम्ही लाल पेनने रेघ मारलीत. 'अंदाजे' असे एकूण अकरा निघाले.

महिन्याने वही घेऊन आलो तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो हाच: "कशासाठी?" मी म्हणालो, आवाज खुलतो म्हणतात. "म्हणतात ते सोड. पडद्याला प्रवाह किती लागतो?" मग वाणसामानाच्या बिलाच्या मागे तुम्ही माझ्याकडून हिशेब करून घेतलात. हेडफोन आणि त्याची वायर मिळून साधारण ११० पिकोफॅरड, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो एक चिमुकला कंडेन्सर. १० हजार हर्ट्झला त्याचा अडथळा १ लाख ४५ हजार ओहमच्या घरात. १०० व्होल्ट दिले तर प्रवाह जेमतेम ०.७ मिलीअँप. पण २० हजार हर्ट्झला ३०० व्होल्ट मागितले तर तोच ४ मिलीअँपच्या वर जातो. कंडेन्सर जसजसा सूर चढतो तसतसा जास्त प्रवाह मागतो. आणि नेमका तेव्हाच प्लेटचा रेझिस्टन्सही आपला वाटा खेचून घेतो, व्हॉल्व्हने दिलेल्यातला बराचसा नुसता तापण्यात जातो. त्या जागी स्थिर प्रवाहाची जोडणी आली की ती वरखाली होणाऱ्या व्होल्टेजकडे बघतच नाही, व्हॉल्व्हची सगळी ताकद हेडफोनला मिळते. तुम्ही बिल उलटसुलट पाहिलंत आणि म्हणालात, "आता कर. आता तुला माहितीये काय करतोयस."

भाग असे होते: १०एम९०एस, ९०० व्होल्ट सहन करणारा प्रवाह-नियंत्रक, आणि त्याच्या खाली डीएन२५४० हा ट्रान्झिस्टर. एकेका व्हॉल्व्हमध्ये दोन, अशा चार प्लेट, प्रत्येकीला ही जोडी, म्हणजे आठ तुकडे. पाच मिलीअँप धरले तरी ३०० व्होल्टवर एकेका जोडीत दीड वॅट उष्णता, म्हणून हीट सिंक हवाच. आणि या तुकड्यांची पाठ जिवंत असते, तिच्यावर शेकडो व्होल्ट. पाठ आणि हीट सिंक यांच्यामध्ये फक्त अभ्रकाचा पातळ तुकडा. मी भोकं पाडली, अभ्रक ठेवला, स्क्रू आवळायला घेतला. तुम्ही माझा हात धरलात.

मग तुम्ही स्वयंपाकघरातून वातींचा कापूस आणलात. चिमूटभर कापूस भोकाच्या कडेवरून हलके फिरवलात. तिसऱ्या भोकाशी एक धागा अडकला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटालाही लागत नव्हतं, पण धागा अडकला होता. ड्रिलने सोडलेला अ‍ॅल्युमिनिअमचा सुईच्या टोकाएवढा काटा. "हा अभ्रकाला टोचतो," तुम्ही म्हणालात. "आज टोचणार नाही. गरम होऊन, गार होऊन, चार महिन्यांनी टोचेल. तेव्हा तू हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला असशील." आठच्या आठ भोकं मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून साफ केली, प्रत्येकावर कापूस फिरवला. त्या दुपारी एवढंच काम झालं. देवघरातल्या वाती कमी पडल्या म्हणून काकूंनी मला खाली वाण्याकडे पिटाळलं, ते वेगळंच.

पहिल्यांदा सुरू करताना तुमचा तो लाकडी सिरीज बोर्ड, साठ वॅटचा पिवळा बल्ब; वीज त्या बल्बमधून जाते, आत दोष असला तर बल्ब पेटून राहतो. बल्ब क्षणभर भगभगला, मग मंद झाला आणि मंदच राहिला. तुम्ही बल्बकडे बघत होतात, मी तुमच्याकडे. मग अर्धा तास थांबायचं. अर्धा तास! मला ट्रिमर (व्होल्ट जुळवायचे छोटे स्क्रू) फिरवायची घाई, आणि तुम्ही चहा मागवलात. पण तुमचंच बरोबर होतं. गार असताना शून्यावर आणलेले आउटपुट तापल्यावर दहा-बारा व्होल्टने सरकले. आधी दोन टोकांमधला फरक शून्य, मग दोन्हींचा जमिनीशी फरक शून्य, मग पुन्हा पहिला, कारण दुसरा फिरवला की पहिला हलतो. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचा, डावा हात खिशात. चार फेऱ्यांनी चारही आउटपुट एका व्होल्टच्या आत बसले. वहीत लिहिलं, 'अंदाजे' न लिहिता.

मग मी तानपुरा लावला, नुसता तानपुरा, गाणं नाही. पाच मिनिटं बोललोच नाही. जवारीचा तो जो मधमाश्यांसारखा गुंजणारा भाग आहे, खर्जाच्या तारेतून हळूहळू उमलत वर जाणारा, तो आधीही ऐकू यायचा, पण एकत्र कालवल्यासारखा. आता एकेक स्वर सुटा होऊन वर चढत होता आणि विरत होता. महिनाभर रोज तोच तानपुरा ऐकला होता म्हणून हे सांगता येतंय, नाहीतर नवीन आहे म्हणून बरंच वाटलं असतं. हेडफोन तुमच्या डोक्यावर ठेवला. तुम्ही डोळे मिटलेत, थोड्या वेळाने काढून दिलात. "छान आहे. वरचं मला येत नाही रे ऐकू, किती वर्षं झाली. तू सांग, काय बदललं?"

काका, तोवर मला हे माहीत नव्हतं. दीड महिना तुम्ही ज्या आवाजासाठी माझ्यामागे लागला होतात, तो तुम्हाला ऐकू येणारच नव्हता, आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगत राहिलो, तुम्ही प्रश्न विचारत राहिलात. तार आधी सुटते की गुंजन आधी? दोन्ही बाजूंना सारखं? चिरकणं पूर्ण गेलं की कमी झालं? काकूंनी आत दिवा लावला तरी आपण तिथेच.

पुढची बातमी तुम्हाला अर्धी माहीत आहे. आता स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यापासून बांधतोय. केविन गिलमोर या अमेरिकन माणसाने असे बरेच आराखडे लोकांसाठी खुले करून ठेवले आहेत, त्यातला केजीएसएसएचव्ही घेतलाय. यात व्हॉल्व्ह नाहीत, सप्लाय मात्र अधिक ४०० आणि उणे ४००. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८००. सप्लायचा बोर्ड डागून झाला, पण वीज लावलेली नाही. रिकाम्या खोक्यात भोकं पाडलीत. कापूस फिरवलाय. दोन ठिकाणी अडकला.

तुमचा,
दोनशे पानी वहीवाला

ता. क. तुमची डिस्चार्जची, म्हणजे भरलेले कंडेन्सर रिकामे करायची, काडी माझ्याकडेच राहिली आहे. ती बॅकेलाइटची, टोकाला दहा हजार ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टन्स आणि मगरचिमटा असलेली. परत द्यायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा अर्ध्या जिन्यातून मागे फिरलो, कारण घरी टेबलावर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे कंडेन्सर भरलेले होते. तशी दुसरी बनवायला घेतली आहे. सगळं जमलं, बॅकेलाइटचा दांडा मात्र मिळत नाही. रविवारी दहाला येतो. सप्लायला पहिली वीज तुमच्या सिरीज बोर्डावरच लावू. कापूस मी आणतो, काकूंना तसं सांगा.