लेब्रॉन घाबरला, हे निदान चुकीचे आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पत्रांच्या सदरात बास्केटबॉलवर वाद रंगला आहे. प्लेऑफच्या, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, मालिकेत संघाचा आधारस्तंभच ढेपाळला तर दोष कुणाचा, हा त्यातला प्रश्न. काही वाचकांनी अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०११ च्या अंतिम मालिकेतल्या लेब्रॉन जेम्सचा दाखला देऊन ‘मोठ्या सामन्यात त्याचे हातपाय गळतात’ असा निकालही देऊन टाकला. दाखला अगदी योग्य निवडला आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही.

आधी जे कबूल करायचे ते करतो. त्याचा संघ मायामी हीट ती मालिका डॅलस मॅव्हरिक्सकडून ४-२ अशी हरली. नियमित मोसमात सामन्याला २६.७ गुण करणारा लेब्रॉन त्या सहा सामन्यांत सरासरी १७.८ वर आला. सहाही सामन्यांच्या चौथ्या, म्हणजे अखेरच्या, क्वार्टरमधले त्याचे गुण एकत्र केले तरी १८ भरतात. चौथ्या सामन्यात तो ४६ मिनिटे मैदानावर होता आणि ११ प्रयत्नांत ३ बास्केट, एकूण ८ गुण. प्लेऑफमध्ये दहाच्या आत राहण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती आणि डॅलसने तो सामना ८६-८३ असा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. हे अपयशच होते. त्याच्या चाहत्यांनी ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा आहे आणि तो वादात कुणीच आणला नाही. मोसमात लेब्रॉनला सामन्याला आठहून अधिक फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारी, कुणी न अडवणारी फेक) मिळत होते. अंतिम मालिकेत मिळाले सहा सामन्यांत मिळून २०, म्हणजे सामन्याला साडेतीनहूनही कमी. फ्री थ्रो बहुतेक मिळतात ते रिंगखाली अंगाला अंग भिडते तेव्हा. ते इतके घटतात तेव्हा खेळाडू रिंगपर्यंत पोहोचतच नसतो. मग विचारायला हवे की त्याला तिथे जाऊ कुणी दिले नाही आणि कसे.

डॅलसचे प्रशिक्षक रिक कार्लाइल आणि बचावाची आखणी करणारे त्यांचे सहायक ड्वेन केसी यांनी मॅन-टू-मॅनमध्ये (प्रत्येकाने आपला एक माणूस धरायचा) मधूनमधून झोन (प्रत्येकाने आपला भाग राखायचा) मिसळला. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेतल्या मुलांनाही २-३ झोन (दोघे पुढे, तिघे मागे) पाठ असतो. आपण फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम वापरतो आणि त्यांत बचावातला सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. एनबीएत झोनला परवानगीच मिळाली २००१-०२ च्या मोसमापासून, तीही एका अटीवर. जवळ, हाताच्या अंतरावर, कुणाला प्रत्यक्ष अडवत नसेल तर बचावपटूला रिंगखालच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. थांबला तर समोरच्या संघाला एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांच्याकडेच. म्हणून तिथे झोन खेळायला सेंटर फार हुशार लागतो. एक पाय आत, एक पाय बाहेर, मनात सेकंद मोजत, आणि तरी ड्राइव्ह (चेंडू घेऊन रिंगकडे मुसंडी) आला की वेळेवर आडवा. सात फूट एक इंच उंचीच्या टायसन चँडलरने हे काम सहा सामने केले. माझ्या मते त्या मालिकेतला सर्वांत कमी दाद मिळालेला खेळाडू तोच.

पुढे लेब्रॉनसमोर शॉन मेरियन, मग डीशॉन स्टीव्हन्सन, कधी ३८ वर्षांचा जेसन किड. यांतला एकही जण त्याला एकट्याने रोखू शकत नव्हता आणि रोखायचेही नव्हते. त्याला एका बाजूला वळवायचे, म्हणजे पुढच्याच पावलाला चँडलर उभा, एवढेच काम.

असा बचाव फोडायचा तर कोपऱ्यांत नेमबाज लागतात. नेमबाजावरचा माणूस त्याला सोडून मदतीला येऊ शकत नाही, आणि आत वाट मोकळी होते. मायामीकडे तेव्हा काय होते? ड्वेन वेड आणि लेब्रॉन, दोघांनाही चेंडू हातात लागतो. तीन गुणांच्या फेकीत दोघांचाही नेम साधारण तीनांत एक. सेंटर जोएल अँथनीकडून गुणांची अपेक्षाच नव्हती. पॉइंट गार्ड (चेंडू आणून डाव मांडणारा) माइक बिबीचा नेम असा हरवला की सहाव्या सामन्यात त्याच्या जागी मारिओ चामर्सने सुरुवात केली. परिणाम असा की वेड चेंडू घेऊन आत शिरे तेव्हा लेब्रॉन पलीकडच्या बाजूला तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राही आणि त्याच्यावरचा बचावपटू दोन पावले आत सरकून वेडची वाट अडवी. लेब्रॉनकडे चेंडू आला की तेच उलट. दोघे एकमेकांची जागा खात होते. ही चूक जितकी त्यांची, तितकीच रचना करणाऱ्याची.

आता लेब्रॉनच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. ती मी सौम्य करून सांगणार नाही. चौथ्या सामन्यापासून डॅलसने जे. जे. बारेआला सुरुवातीच्या पाचांत घेतले. बारेआची उंची कागदोपत्री सहा फूट. जेसन टेरी सहा फूट दोन, किड सहा फूट चार. बचावात अदलाबदल झाली की यांतला कुणी ना कुणी लेब्रॉनच्या वाट्याला येई, आणि तो सहा फूट आठ इंच, वजन ११० किलोच्या वर. अशा वेळी करायचे काम ठरलेले असते. रिंगच्या डाव्या किंवा उजव्या खालच्या ब्लॉकवर (रंगवलेल्या भागाच्या कडेच्या खुणेवर) रिंगकडे पाठ करून उभे राहायचे, कंबरेने माणूस मागे दाबून धरायचा, लांबचा हात दाखवून चेंडू मागायचा. पास द्यायचा तो विंगवरून, म्हणजे बाजूने, रिंगच्या समोरून नव्हे. समोरून दिला तर मधला बचावपटू हात घालतो. चेंडू आल्यावर दुसरा बचावपटू मदतीला आला तर मोकळ्या सोबत्याला पास, नाही आला तर एक ड्रिबल, वळण आणि बास्केट. लेब्रॉन हे जवळजवळ करतच नव्हता, कारण पाठीमागे माणूस असताना खेळायचा खेळ त्याच्याकडे तोवर पक्का झालेलाच नव्हता. समोर तोंड करून, धाव घेऊन आत शिरणे या एका शस्त्रावर तो वर्षानुवर्षे जिंकत आला होता. डॅलसने नेमके तेच काढून घेतले. मग तो बाहेर उभा राहिला, पास देत राहिला, आणि घरी बसून पाहणाऱ्याला ते भ्यायल्यासारखे दिसले.

थकव्याचाही भाग होताच. आधीच्या फेरीत शिकागोविरुद्ध अखेरच्या मिनिटांत त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू डेरिक रोझ याला अडवण्याचे काम त्यानेच केले होते. यावर अधिक लिहीत नाही, कारण प्रतिस्पर्धीही थकलेले असतात.

भीतीचे निदान का टिकत नाही, हे पुढच्या वर्षाने दाखवले. २०११ च्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला माजी दिग्गज सेंटर हकीम ओलाजुवानकडे पोस्टचा, म्हणजे रिंगकडे पाठ करून खेळायचा, खेळ शिकायला गेला. पुढच्या मोसमात तीन गुणांचे त्याचे प्रयत्न सामन्याला साडेतीनवरून अडीचच्या खाली आले आणि मैदानी फेकींचा नेम ५१ टक्क्यांवरून ५३ वर गेला. मायामीने कोपऱ्यासाठी शेन बॅटिएला आणले. क्रिस बॉश सेंटरला खेळू लागला आणि रिंगखालची गर्दी पांगली. २०१२ च्या ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये (अंतिम मालिकेआधीच्या फेरीत) संघ ३-२ ने मागे असताना बोस्टनच्या मैदानावर त्याने २६ पैकी १९ बास्केट करत ४५ गुण केले आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचे चेंडू) घेतले. अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध त्याची सरासरी २८.६ गुणांची होती, मायामी ४-१ ने जिंकले. धैर्य एका उन्हाळ्यात उगवत नाही. पायांची हालचाल मात्र एका उन्हाळ्यात शिकता येते.

२०१३ च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनिओने लेब्रॉनला दुसरे कुलूप लावले. त्याच्यापासून मागे हटून उभे राहायचे, ड्राइव्हची वाट बंद ठेवायची आणि लांबून फेकायला भाग पाडायचे. पहिल्या तीन सामन्यांत तो १८, १७ आणि १५ गुणांवर अडकला. सातव्या सामन्यात त्याने तीन गुणांच्या पाच फेकी घातल्या, ३७ गुण केले आणि विजेतेपद राखले. मधल्या सामन्यांनंतर छापून आलेली मते आज वाचली तर वाईट वाटते.

आणि डॅलसच्या नायकाचे काय? २०११ च्या सहाव्या, निर्णायक सामन्यात डर्क नोवित्स्कीने पहिल्या अर्ध्यात १२ पैकी एकच बास्केट केले होते. तरीही मध्यांतराला डॅलस दोन गुणांनी पुढे होते, कारण टेरीने तोवर १९ गुण केले होते. नोवित्स्कीने दुसऱ्या अर्ध्यात १८ गुण केले, १०५-९५ असा विजय मिळाला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्याच्या त्या पहिल्या अर्ध्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सोबत्यांनी सावरले म्हणून तो शूर, आणि सावरले नाही म्हणून दुसरा भित्रा, हा न्याय मला मान्य नाही.

वाद घालणाऱ्या तरुण वाचकांना एक उपाय सुचवतो. हे सामने आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या सुमारास दिसतात. समोर कागद घ्या, त्यावर अर्धे मैदान काढा आणि आपल्या खेळाडूला चेंडू जिथे जिथे मिळतो तिथे टिंब द्या. शेजारी दोन रकाने: त्याच्यावर कोण आहे, आणि मदतीला कोण धावले. तीन सामने एवढे केले की टिंबे रेषेबाहेर सरकली आहेत की रिंगजवळच आहेत हे दिसते. रिंगजवळ असून फेक चुकत असेल तर बहुधा काळजीचे कारण नाही. वीस प्रयत्नांत ४५ टक्के म्हणजे नऊ बास्केट आणि ३५ टक्के म्हणजे सात. दोन फेकी रिंगला लागून बाहेर आल्या म्हणून कुणाची कारकीर्द मोडीत काढू नये. टिंबे बाहेर सरकली असतील तर मात्र प्रशिक्षकाला प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

आपल्या क्रीडा विभागालाही एक विनंती आहे. प्लेऑफची बातमी छापताना खेळाडूच्या गुणांपुढे तो किती मिनिटे खेळला, त्याला किती फ्री थ्रो मिळाले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने किती प्रयत्न केले, एवढे तीन आकडे द्यावेत. एका ओळीची जागा लागेल.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर