नाना, ते शेवटचं पान मिळालं

नाना,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "नाव-गाव कशाला पाहिजे, भो!" पण जळगावात जुनी पुस्तकं धुंडाळणारे तुम्हाला ओळखतीलच.

परवा रात्री मी वेताळाच्या कॉमिक्सचा एक अंक वाचला. जवळजवळ चाळीस वर्षांनी. वाचून झाला आणि झोप लागेना, म्हणून हे पत्र.

आम्ही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. वडील मालगाडीवर गार्ड. ड्युटीवरून उतरले की स्टेशनातल्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घ्यायचे आणि डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवून आणायचे. माझ्या वेताळाला कायम लसणाच्या चटणीचा वास असायचा. ली फॉकने १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी रचलेला हा माणूस आमच्या ओट्यावर मराठी बोलायचा, आणि त्याचं आम्हाला काही नवल वाटायचं नाही.

पत्र्याची एक ट्रंक भरली होती. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, मी नोकरीला बाहेर गेलो, आणि घरातल्याच एका मोठ्या माणसाने ती ट्रंक किलोवर घातली. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, खरं सांगतो.

वडील गेल्यावर ते अंक फार आठवायला लागले. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने आगाऊ पैसे घेतले, मराठी सांगून हिंदी अंक पाठवले, तेही मधली पानं गळालेले, आणि मग फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्याने तर "या वयात कॉमिक्स?" म्हणून वाटेला लावलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा मे महिना होता, ऊन नुसतं भाजत होतं. काय पाहिजे हे विचारायच्या आधी तुम्ही माठातलं पाणी दिलंत. मग गठ्ठे सोडलेत. नऊ अंक निघाले. पैसे तुम्ही मोजून, ठरलेले तेवढेच घेतलेत, आणि मला तेच आवडलं. उपकार केल्यासारखं काही नव्हतं.

त्यातल्या एकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. मी म्हटलं, चालेल. तुम्ही म्हणालात, "हे इथंच राहू द्या, आठ दिवसांनी न्या."

नाना, तुमच्या एका गिऱ्हाइकाकडे तोच अंक होता. तो मागून आणून तुम्ही वहीच्या कागदावर पट्टीने चौकटी आखल्यात आणि शेवटचं पान हाताने उतरवून काढलंत. चित्रं नाहीत. शाईपेनाचं बाळबोध अक्षर. "इथे वेताळ हिरोवर बसतो (हिरो हे घोड्याचं नाव)." त्याखाली, "मागे डेव्हिल. कुत्रा नाही, लांडगा." आणि पान खळ लावून चिकटवलंत, कारण टेपने कागद पिवळा पडतो. मला यातलं काहीच सांगितलं नाहीत. नुसता अंक हातात दिलात. मी घरी येऊन उघडला.

लहानपणी मला फक्त ठोसा दिसायचा. वेताळाच्या अंगठीने गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटली की आम्ही पोरं ओरडायचो. डाव्या हातातल्या दुसऱ्या अंगठीकडे लक्षच नव्हतं. तिची खूण ज्याला मिळाली, त्याच्या पाठीशी वेताळ उभा. या वेळी पानोपानी तीच शोधत बसलो. काही खटकलंही. जंगलात एवढी माणसं, आणि त्यांच्या न्यायनिवाड्याला एक गोराच लागतो, हे तेव्हा कुठे कळत होतं! आणि तो अमर नाहीच. बाप मरतो, मुलगा तोच पोशाख चढवतो, जंगलाला वाटतं तोच आहे. अशा एकवीस पिढ्या. दहाव्या वर्षी ही मला झकास युक्ती वाटायची. आता गुहेतल्या ओळीने मांडलेल्या थडग्यांची चौकट आली आणि मी तिथेच थांबलो. वडिलांना अग्नी देऊन आलेला माणूस ती चौकट भरकन उलटू शकत नाही.

मोठी मदत करणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे आभार मानायची सोयही असते. पण दुसऱ्याच्या वेडाला वेड न म्हणता त्याच्यासाठी संध्याकाळ घालवणारा माणूस फार क्वचित भेटतो. ते शिकवून येत नाही. तुमच्या दुकानात बसणाऱ्या त्या शाळकरी पोराच्या बोलण्यातही मला ते दिसलं. त्यानेही मला आधी पाणीच विचारलं होतं.

माझ्या मुलीने ते पान पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे अक्षर आजोबांचं का?" मी नाही म्हणालो. पण लगेच नाही म्हणवलं नाही.

येत्या रविवारी येतोय. भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन येतो, दुपारचा डबा आणू नका. आणि इंद्रजालमधल्याच 'बहादूर' या दुसऱ्या नायकाचे अंक आले तर बाजूला ठेवा. पानं गळालेले असले तरी चालतील. या वेळी कागद आणि पट्टी मी घेऊन येतो.

तुमचा,
भुसावळचा वेताळवाला