गुरुवारी लातूरला जायचंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या दोघांच्या बीपी-शुगरच्या तपासणीसाठी गुरुवारी सकाळी आठचा नंबर लावलाय, पैसेही भरलेत. तुम्हाला न विचारता ठरवलं, राग मानू नका. बाबा "सोयाबीनची रास होऊ दे" म्हणाले असते, आणि रास झाली की हरभऱ्याची पेरणी आहेच. आई, मंगळवारच्या देवीच्या उपवासाला लागून पोट रिकामं नको म्हणून मुद्दाम गुरुवार धरला. मी बुधवारी संध्याकाळी औशाला पोचतेच आहे.

"दुखत नाही तर दवाखाना कशाला?" पण बाबा, बीपी आणि शुगर दुखतच नाहीत. आतल्या आत डोळे आणि किडनी खराब होतात. मामांचं आपण सगळ्यांनी बघितलंय.

बुधवारी साडेआठच्या आत नेहमीसारखं जेवा, भाकरी, वरण, भाजी. आकडा चांगला यावा म्हणून चार दिवस गोड सोडू नका. एचबीएवनसी म्हणून शुगरची जी रक्ततपासणी आहे, तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, ती चार दिवसांत फारशी हलत नाही. सकाळी फक्त पाणी, पण भरपूर. पाणी कमी पडलं की शीर सापडत नाही आणि सुई दोनदा टोचावी लागते. बाबा, पहाटेचा चहा नाही, बिनसाखरेचाही नाही, तंबाखूही नाही. आणि आई, हे उपाशीपण एकादशीचं नव्हे. साबुदाणा, शेंगदाण्याचा लाडू, काही चालत नाही.

गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवलंय. बाबांची बीपीची गोळी रोजच्या वेळेला, घोटभर पाण्यासोबत. आईची शुगरची गोळी मात्र रक्त देऊन नाश्ता करतानाच. उपाशीपोटी घेतली तर शुगर उतरून घाम येतो, हातपाय थरथरतात.

बाबा, दवाखान्यात गेलं की तुमचं बीपी चढतं, मला माहीत आहे. भीतीनंच चढतं ते, पुष्कळांचं होतं असं. म्हणून जिना चढून गेल्या गेल्या हात पुढे करू नका. आधी लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नको, बाही वर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. पट्टा फुगत असताना सिस्टरशी बोलायचं नाही, बोलण्यानंही आकडा वाढतो. जास्त आला तर एक-दोन मिनिटांनी परत घ्यायला सांगेन. मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवू. एका आकड्यावर कुणी गोळी वाढवत नाही.

बाबा, तुमची उपाशीपोटीची शुगर १०० च्या आत आली तर उत्तमच. १०० ते १२५ असेल तर जेवणाखाण्याकडे बघायचं. १२६ किंवा पुढे गेली तरी घाबरायचं नाही, पुन्हा तपासून मगच ठरवतात.

सुई टोचताना लहानपणी तुम्ही मला "खिडकीतला पोपट बघ" म्हणायचात. आता मी म्हणेन, तुम्ही बघा. नंतर कापूस पाच मिनिटं दाबून धरा, कोपर दुमडू नका, नाहीतर हिरवंनिळं होतं.

धपाटे आणि दही मीच डब्यात घेते, आई, तू पहाटे उठून चूल पेटवू नकोस. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, मधे चहाही नाही, मग दुसरं रक्त. बसायला खुर्च्या आहेत, पंखा आहे, मी विचारून घेतलंय.

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि बाबांचा चष्मा बुधवारीच एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. मी आल्यावर बघणार आहे.

तुमची,
छकुली