टिंब वर की खाली? आधी पद्धत तर सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या क्लासमधल्या एका पोराला जुन्या वहीतली दरबारीची बंदिश दिली. पोरगं पेटीवर बसलं आणि थेट तार सप्तकात (वरच्या पट्टीतल्या सुरांत), म्हणजे जो राग मंद्रात (खालच्या सुरांत) रमतो तोच ह्यानं वर नेऊन ठेवला. चूक त्याची नव्हतीच. स्वरलिपी, म्हणजे सूर कागदावर लिहायची पद्धत, विष्णू दिगंबर पलुसकरांची वेगळी आणि विष्णू नारायण भातखंड्यांची वेगळी; वही पलुसकर पद्धतीची होती आणि तो शिकलाय भातखंडे. भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार आणि पायाशी टिंब म्हणजे मंद्र, पलुसकरांकडे डोक्यावरचंच टिंब मंद्राचं आणि तारसाठी वर उभी रेघ. आता तीच उभी रेघ भातखंड्यांत मध्यमावर ('म'वर) आली की तीव्र, म्हणजे चढा म! तालाचंही तेच, भातखंड्यांकडे शून्य म्हणजे तालातली 'खाली' (टाळी न देता हात बाजूला करायची जागा), पलुसकरांकडे स्वराखाली शून्य म्हणजे अर्धी मात्रा. दोघंही विष्णू, दोघांचं काम डोंगराएवढं, पण खुणा मात्र एकमेकांच्या उलट.

वाचायला मला भातखंडेच सोपी वाटते, रकाने पाडलेले, खाली कंस टाकला की एका मात्रेत किती स्वर ते एका नजरेत कळतं. पलुसकरांत प्रत्येक स्वराखाली मात्रेची खूण बघत बसा, डोळे दमतात पण लय अगदी काटेकोर लिहिलेली असते. आणि गंमत म्हणजे मोबाईलवर पलुसकरांचा कोमल (उतरा) स्वर चटकन टाईप होतो, 'ग'चा पाय मोडला की झालं, भातखंड्यांची कोमलाची खालची आडवी रेघ व्हॉट्सॲपवर पाठवा, ती वाटेतच गळते आणि कोमल ग-नी असलेल्या काफीचा सगळे शुद्ध सूर असलेला बिलावल होऊन पोचतो.

स्टाफ नोटेशनला, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीला, नावं ठेवणारे पण भेटतात, 'ते आपलं नाही' वगैरे. अहो, शंकर-जयकिशनच्या गाण्यांत एवढी व्हायोलिनं एकदम वाजायची ती सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोवेकर अरेंजरनी (वाद्यमेळ बसवणाऱ्यांनी) प्रत्येक वादकाचा कागद लिहून दिला म्हणूनच ना? एका वेळी चार वेगळे सूर दाखवायचे तर त्या पाच रेघाच पाहिजेत. फक्त गायिकेनं आपला सा पेटीच्या काळी एक पट्टीवरून पांढरी पाचला नेला की सगळं परत लिहा, आपलं सारेगम तसंच्या तसं चालतं. दरबारीचा आंदोलित (हळूहळू झुलणारा) गंधार, म्हणजे 'ग', मात्र ह्यातल्या कुठल्याच कागदावर उतरत नाही, तो गुरूसमोर बसूनच घ्यावा लागतो.

तेव्हा बंदिशींची पुस्तकं, भजनी मंडळांच्या पुस्तिका आणि तुमच्या पुरवण्यासुद्धा, ह्या सगळ्यांना एकच विनंती. स्वरलिपी छापताना वर एका ओळीत पद्धत कुठली ते लिहा आणि मंद्र, तार, कोमल, तीव्र ह्या चार खुणांचा चौकोन द्या. दोन इंच जागा लागेल फार तर. त्या पोराला मी तो चौकोन पेन्सिलीनं वहीच्या पहिल्या पानावर काढून दिलाय.

आपला,
एक पेटीवाला, मिरज