डोळ्याला दिसेल तेवढाच दंड

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा वाचला. क्लबच्या ट्रायल्सचे, म्हणजे दगडधोंड्यांतून तोल सांभाळत मोटरसायकल चालवण्याच्या स्पर्धांचे, पुढच्या हंगामाचे नियम लिहायला तुम्हा तरुण मंडळींना बसवलं, हे उत्तम झालं. बाबा तर जो भेटेल त्याला सांगत सुटलेत. मला मात्र थोडी काळजी वाटते, कारण पहिल्याच पानावर तुम्ही सेक्शनमध्ये, म्हणजे खुणांनी आखलेल्या अवघड टप्प्यात, 'थांबू द्यायचं की नाही' हा वाद काढलाय. त्या वादापायी चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

मी स्वतः ट्रायल्सची गाडी कधी चालवली नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी ऑब्झर्व्हर, म्हणजे सेक्शनपाशी दंड मोजणारी, म्हणून उभी राहिले. उजवीकडे लाल खुणा, डावीकडे निळ्या, मध्ये ओढा, मुळं आणि दगड, आणि हातात चालवणाऱ्याच्या कार्डावर दंडाचं भोक पाडायचा पंच. तेव्हा माझं मत तिथून येतं असं धर, आणि एकदा मांडून मोकळी होते: एकट्या माणसाला उघड्या डोळ्यांनी जेवढं नक्की दिसतं, तेवढ्यालाच मोठा दंड असावा. जिथे शंका राहते तिथे दंड लहान हवा. तुमच्या मसुद्यात हे बऱ्याच ठिकाणी उलटं झालंय.

पाय टेकण्याचंच बघ. एकदा टेकला की दंडाचा एक गुण (ज्याचा दंड कमी तो जिंकतो), दोनदा दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पाय जमिनीला लागला की नाही हे सहसा दिसतं. चुकून एखादा टेका माझ्या नजरेतून सुटला तरी फरक एकाचा. पडलं, खुणांच्या बाहेर गेलं, गाडीवरून उतरलं की पाच, आणि तेही कुणाला विचारावं लागत नाही. पडलेला माणूस स्वतःच कार्ड पुढे करतो. ही मोजणी इतकी वर्षं टिकली ती याचमुळे. कुणी फारसं भांडत नाही.

आता थांबण्याकडे ये. मागचं चाक ओल्या दगडाच्या पायथ्याशी आलंय. गाडी चढायला हवी होती, चढलेली नाही. चालवणाऱ्याने क्लच आत ओढलाय, पुढचा ब्रेक दोन बोटांनी धरलाय, दोन्ही पाय पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, गुडघे वाकलेले. टायरमध्ये हवा जेमतेम चार-पाच पीएसआय, त्यामुळे रबर दगडावर पसरलंय आणि हळूहळू फुगत परत जागेवर येतंय. हँडल फिरतंय. पुढचं चाक जागच्या जागी वळलं, मागचं बोटभर सरकलं. गाडी थांबली का? मी पुढच्या आसाकडे बघत असेन तर थांबली. मागच्या टायरच्या कडेकडे बघत असेन तर नाही. आणि निवाडा द्यायला मला मिळतो डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ, कारण पुढच्याच क्षणी क्लच सुटतो आणि गाडी वर गेलेली असते. नो-स्टॉपच्या, म्हणजे सेक्शनमध्ये न थांबण्याच्या, नियमात या अर्ध्या सेकंदाची किंमत पाच, म्हणजे ओढ्यात आडवं पडण्याइतकीच. 'शंका असेल तर फायदा चालवणाऱ्याला' असं पुस्तकात म्हणायला ठीक आहे. पण पहिल्या सेक्शनवरच्या माणसाची शंका आणि सातव्यावरच्या माणसाची शंका एकसारखी नसते, आणि दिवसभराच्या निकालात तीच मोजली जाते.

म्हणून थांबू द्यावं, असं तुझ्या गटातल्या अर्ध्यांचं म्हणणं. तेही मला पटत नाही.

थांबायची मुभा दिली की पहिला बदल सेक्शन आखणाऱ्याच्या हातात होतो. चांगला चालवणारा थांबतो, श्वास घेतो, मागचं चाक उडवून गाडी हवी तशी लावून घेतो आणि मग चढतो. त्याच्याकडून एखादा तरी गुण काढायचा तर आखणाऱ्याला कातळ आणखी उंच शोधावा लागतो. उंच कातळ आला की खाली धरायला मायंडर, म्हणजे मदतनीस, आला, थांबणाऱ्याला वेळेची मर्यादा आली, म्हणजे स्टॉपवॉच आलं, स्टॉपवॉच धरायला दुसरा माणूस आला. हॉलमध्ये भरणाऱ्या एक्स-ट्रायलला हे सगळं शोभतं. तिथे तिकीट काढून आलेला प्रेक्षक असतो आणि घड्याळ सगळ्यांना दिसतं. क्लबच्या रविवारच्या स्पर्धेत प्रत्येक सेक्शनला एक ऑब्झर्व्हर मिळवताना सेक्रेटरीच्या नाकी नऊ येतात, तिथे दोन कुठून आणणार? न थांबता जायचं म्हटलं की गुडघाभर उंचीचा वळणावळणाचा चढसुद्धा पुरेसा अवघड होतो, आणि पडलं तरी हाड मोडत नाही. नवशिक्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

बरं, नियम बदलल्याने कोण जिंकतं ते बदलेल, असं वाटत असेल तर जगज्जेत्या टोनी बो याच्याकडे बघ. २०१३ साली जागतिक स्पर्धेत नो-स्टॉप आणला, तेव्हा पुष्कळांना वाटलं की उड्या मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आता तो अडकेल. कसला अडकतोय! २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न सोडता तोच जगज्जेता. वरच्या माणसाला कुठलाही नियम द्या, तो त्यात राहून जिंकतो. नियमाचा खरा परिणाम होतो मधल्या आणि खालच्या फळीवर, म्हणजे तुमच्या क्लबवर. जागतिक स्पर्धेचं पुस्तक जसंच्या तसं उचलू नका म्हणते ते यासाठी.

(बाबा मागून वाचतायत आणि म्हणतायत, सॅमी मिलरचं लिही. लिहिते.)

नियम नेहमी गाडीच्या मागून चालत आले आहेत. जुन्या काळचा नावाजलेला चालवणारा सॅमी मिलर पाचशे सीसीची फोर-स्ट्रोक एरियल चालवायचा, आणि त्या जड गाडीवर कुणी जागच्या जागी उड्या मारत नसे. मग तो बुलटाको कंपनीकडे गेला, हलकी टू-स्ट्रोक शेर्पा टी घडवायला त्याने मदत केली आणि १९६५ साली तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज ही स्पर्धा जिंकली. बघता बघता सगळे हलक्या गाड्यांवर आले. पुढे १९७९चा जगज्जेता बर्नी श्रायबर मागच्या चाकावर गाडी फिरवायच्या कसबाने ओळखला गेला, आणि त्यानंतर सायकल ट्रायल्समध्ये तयार झालेला जॉर्डी तारेस आला. सायकलवरची उडी त्याने मोटरसायकलवर आणली आणि सात वेळा जगज्जेता झाला. 'थांबणं' हा प्रश्न इतका पेटला तो गाडी सत्तर किलोच्या आसपास आली आणि माणूस तिच्यावर उभ्या उभ्या नाचू लागला तेव्हापासून. जुन्या नियमात चुकीचं काही नव्हतं. तो अशा गाड्यांसाठी लिहिलाच नव्हता.

आता माझी सूचना. क्लबमध्ये नो-स्टॉप ठेवा, पण थांबण्याला पाच नको, एक द्या. पाय टेकण्याइतकाच. त्याच बेरजेत धरा, म्हणजे एकदा थांबलं आणि एकदा पाय टेकला की दोन. माझी नजर चुकली तरी चालवणाऱ्याचं नुकसान एका गुणाचं होईल, आणि एका गुणासाठी कुणी ऑब्झर्व्हरच्या अंगावर धावून येत नाही. गाडी मागे सरकली तर मात्र पाच राहू दे, पण 'मागे' म्हणजे किती ते लिहा. चाक वीतभर मागे आलं तर ते कुणालाही दिसतं. टायर दगडावर दबून जरासा मागे आला, तर ते मागे सरकणं नव्हे.

तू लगेच म्हणशील, मग लोक मुद्दाम थांबतील, एक गुण देतील आणि आरामात गाडी लावून घेतील. घेऊ देत. आजही घसरडा चढ समोर दिसला की हुशार माणूस मुद्दाम एक पाय टेकतो आणि पाच वाचवतो. त्याला आपण कौशल्यच म्हणतो. खरी अडचण वेगळी आहे. तीनच्या पुढे मोजणी जात नाही, तेव्हा तीन गुण देऊन एखादा सेक्शनमध्ये हवा तितका वेळ उभा राहिला तर मागे रांग लागेल. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. ऑब्झर्व्हरने एकदा 'चल' म्हणायचं आणि तरी हलला नाही तर पाच द्यायचे, एवढं सुचतं. 'चल' कधी म्हणायचं, हा वाद मग उरतोच. तुम्ही बसून काढा काहीतरी.

इलेक्ट्रिक गाड्यांना वेगळा वर्ग करायचं कलम मला मुळीच आवडलं नाही. त्यामागचं कारण कळलं: पाय टेकलेला असताना इंजिन बंद पडलं तर पाच, आणि इलेक्ट्रिक गाडीचं इंजिन बंद पडतच नाही, म्हणून ते अन्यायाचं. पण हे कलम पेट्रोलच्या गाड्यांनाही कशाला हवं? मी सांगते मला काय ऐकू येतं. ओढ्याला पाणी असलं की शेवटी शेवटी इंजिनचा आवाज पाण्यात मिसळून जातो. गाडी अगदी हळू चालत असताना ते बंद पडलंय की रेंगाळतंय हे मला खालच्या टोकाला उभं राहून सांगता येत नाही. शिवाय पुढच्या सेक्शनवरून कुणीतरी जोरात रेस करत असतो. जे ऐकू येत नाही त्याला पाच गुण कसे द्यायचे? इंजिन बंद पडलं आणि त्यामुळे गाडी थांबली तर थांबल्याचा एक, पाय टेकला तर त्याचा एक, उतरावं लागलं तर पाच. इंजिनचं वेगळं कलम काढून टाकलंत की दोन्ही गाड्या एका वर्गात बसतात. काही इलेक्ट्रिक गाड्यांना आता क्लचही देतात, माजी जगज्जेता ताकाहिसा फुजिनामी याने होंडाची इलेक्ट्रिक गाडी स्पर्धेत उतरवली. त्या गाड्यांना बाजूला बसवून तुम्ही फक्त नवीन मुलं घालवाल. आणि आवाजाच्या तक्रारींवरून जागा हातच्या जातात, हे समितीतल्या वडीलधाऱ्यांना कुणी सांगायची गरज नसावी.

मुलींच्या वर्गाबद्दल फार लिहीत नाही. महिलांची जागतिक स्पर्धा २००० साली सुरू झाली, लाइया सान्झने ती तेरा वेळा जिंकली, आणि ती होती म्हणूनच तुला लहानपणी कुणाचा तरी फोटो भिंतीवर लावता आला. तेव्हा वेगळं बक्षीस जरूर ठेवा. पण सेक्शनमधल्या गेटचा, म्हणजे कुणी कुठल्या वाटेने जायचं त्या खुणांचा, रंग कौशल्य पाहून ठरू दे. 'महिला' म्हणून सरसकट सोपं गेट लिहिलंय तो परिच्छेद काढ, नाहीतर मी स्वतः सभेला येईन.

मायंडरचं कलम ठीक आहे. फक्त आई-बाप मायंडर असतील तर त्यांनी सेक्शनमध्ये ओरडून सूचना देऊ नयेत, हे लिहून ते अमलात येणार नाही. ऐकलं तर कुणी ऐकलं, बोललं कोण, 'जोर दे' ही सूचना की प्रोत्साहन... काढून टाका. ज्या नियमाचं पालन मी तपासू शकत नाही, तो मला देऊ नका.

एक मात्र वाढवा. घरचं माणूस सेक्शनमध्ये आलं की ऑब्झर्व्हरने पंच दुसऱ्याकडे द्यायचा. तू यायचीस तेव्हा मी तो शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही देऊन मागे फिरायची. ते मी माझ्या मनाने केलं. नियम नव्हता, आणि तसं न करणारेही होते. तुला दोन दिलेत की तीन हे मला नंतर कार्डावरच कळायचं, आणि परतताना गाडीत तू माझ्यावर रुसायचीस, जसं काही मीच पंच मारला होता!

समान गुण झाले तर क्लीन, म्हणजे एकही दंड न झालेले, सेक्शन जास्त कुणाचे ते बघायचं, हे तसंच ठेवा. कुणीतरी तिथे वेळ मोजायचं सुचवलंय. वेळ मोजायची असेल तर मोटोक्रॉसला जावं म्हणावं.

सुधारलेला मसुदा सभेच्या आधी पाठव. 'थांबणे' आणि 'मागे सरकणे' या दोन व्याख्या आधी लिहून काढ, बाकीचं मागाहून. आणि त्या व्याख्या खोलीत बसून पक्क्या करू नका. दोघातिघांना ओल्या दगडावर गाडी चढवायला लावा, कधी ऑब्झर्व्हर झाले नसतील अशा पाच-सहा जणांच्या हातात कागद द्या आणि प्रत्येकाला वेगवेगळा निकाल लिहायला सांगा. कागद जुळले नाहीत तर वाक्य बदला.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, किल स्विचची, म्हणजे पडलं की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी मनगटाला बांधणं सगळ्या वर्गांना सक्तीचं केलंय ना? मसुद्यात फक्त मुलांच्या वर्गात दिसलं.