स्पॅनिशची विशेषणे मराठीतून शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात स्पॅनिशच्या शिकवण्या घेते. मुले बहुतेक मराठी घरांतली, पुस्तके मात्र सगळी इंग्रजीतून समजावणारी. विशेषणांचा धडा आला की ही पुस्तके आधी धाक घालतात: नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे विशेषण बदलते, नीट पाठ करा! इंग्रजी बोलणाऱ्याला हे नवे आहे, मान्य. पण 'पांढरा सदरा, पांढरी साडी, पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या' हे आपले मूल शाळेत जाण्याआधीच बिनचूक बोलते. 'ब्लांको, ब्लांका, ब्लांकोस, ब्लांकास' ही त्याच घडणीची रूपे आहेत. ती पाठ कशाला करायची?

मुले अडखळतात ती नामाच्या शेवटच्या अक्षरावर. शेवटी 'ओ' असेल तर पुल्लिंग, 'आ' असेल तर स्त्रीलिंग, असे त्यांनी वाचलेले असते. मग 'मानो' म्हणजे हात हा शब्द स्त्रीलिंगी निघतो आणि उजवा हात 'ला मानो देरेचा' होतो. 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी, म्हणून गंभीर प्रश्न 'प्रोब्लेमा सेरिओ'. पुस्तकात हे सारे 'अपवाद' म्हणून चौकटीत कोंबलेले असते. मी वर्गात एवढेच विचारते, 'शाळा' आकारान्त आहे म्हणून 'मोठा शाळा' कोणी म्हणते का? 'हत्ती' ईकारान्त, तरी तो काळाच ना? विशेषण नामाचे लिंग बघते, शेवट नाही, हे मुलांना तिथल्या तिथे पटते. मग 'एल आग्वा फ्रिया' म्हणजे थंड पाणी, यात आधी पुल्लिंगी नामांना लागणारे 'एल' हे उपपद असूनही, 'आग्वा' मुळात स्त्रीलिंगी म्हणून 'फ्रिया' स्त्रीलिंगीच का, हेही फारसे समजवावे लागत नाही.

जिथे मराठी उपयोगी पडत नाही, तिथे वेळ द्यावा. निळा 'आसुल' आणि हिरवा 'वेर्दे' लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, आपल्या 'लाल'सारखे. पण आपण 'लाल साड्या' म्हणतो तेव्हा 'लाल' तसाच राहतो, स्पॅनिशमध्ये मात्र अनेकवचनात यांनाही बदलावे लागते: 'आसुलेस', 'वेर्देस'. विशेषण बहुधा नामाच्या मागून येते, तेही अंगवळणी पाडावे लागते. उलट आपल्या सामान्यरूपाची भानगड तिथे नाहीच. 'पांढरे घर'चे आपण 'पांढऱ्या घरात' करतो. 'ला कासा ब्लांका'च्या आधी फक्त 'एन' लावले की झाले.

मराठी प्रकाशकांनी आणि भाषावर्ग चालवणाऱ्या संस्थांनी निदान हा एक धडा तरी मराठीतून लिहून घ्यावा, ही कळकळीची विनंती. माझ्या वर्गासाठी मी तो लिहिला आहे; कोणत्याही शिक्षकाला त्याच्या प्रती विनामूल्य द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक स्पॅनिश शिक्षिका, पुणे